शेंगांच्या पैशांची द्वारका

उन्हाळा लागला की माझा उजवा अंगठा ठणकायला लागतो. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, एकदा फोटोही काढला, आणि काही नाही म्हणून सांगितलं. काही नाही हे मलाही माहीत आहे. पण चैत्र सरत आला, जळगावच्या गच्च्यांवर पापड-कुरडया पसरल्या, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेनासं झालं की हा अंगठा न चुकता आपली तक्रार मांडतो. परवा बाजारात बियाण्याच्या दुकानापुढे शेंगांच्या गोण्या उतरत होत्या. जवळून जाताना तो मातकट, तेलकट वास आला आणि मी भर उन्हात उभीच राहिले. बरोबरच्या सुनेला वाटलं, मला चक्कर आली. मला राग आला होता. पन्नास वर्षांपूर्वीचा राग इतका ताजा कसा राहतो याचं माझं मलाच नवल वाटतं. आई म्हणायची, आमची विजू विसरणाऱ्यातली नाही. हे ती कौतुकानं म्हणायची नाही.

मी सातवीत होते तेव्हाचा तो उन्हाळा. सत्तर साल असावं, एखादं इकडेतिकडे. त्या काळी होळीपासून मृगापर्यंत बियाण्याचे व्यापारी घरोघर शेंगा फोडायला देत. यंत्रात दाणा दुभंगतो, वरचं लाल साल सुटतं आणि मग तो उगवत नाही. म्हणून पेरणीचा दाणा हातानंच फोडायचा. गोणी तोलून घरी यायची, दाणे तोलून परत जायचे. किती शेंगांमागे किती दाणे हे शेठजींच्या मुनिमाला तोंडपाठ होतं. दाणे कमी भरले की मजुरी कापली जायची. टरफलं मात्र आपली. ती बंबात जाळायची. त्या उन्हाळ्यात आमच्या अंघोळीच्या पाण्याला, टॉवेलांना, माझ्या वेणीलासुद्धा शेंगांचा धूर लागलेला होता.

शेंग चिमटीत धरून टोकावर अंगठा दाबायचा. कट् असा आवाज आला पाहिजे. पहिल्या दिवशी मजा वाटते. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं कातडं लाल होतं, पाचव्या दिवशी सोलतं. मग आई त्यावर खोबरेल लावून चिंधी बांधायची, आणि चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं फोडायचं. पहाटे पाचला उठून शाळेच्या वेळेपर्यंत आणि शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत. आमच्या घरात तोवर कुणी असं काम केलेलं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. कारकुनाच्या बायकोनं गोण्या आणाव्यात हे काही शोभणारं नव्हतं, आणि समोरच्या आळीत त्यावर बोलणंही झालं. आईनं ते एका कानानं ऐकलं. तिला द्वारकेला जायचं होतं.

खरं सांगायचं तर तिला समुद्र पाहायचा होता. आईचं माहेर धुळ्याचं. जळगावहून धुळ्याला रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. आईचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे ते चाळीसगाव. तिथल्या फलाटावर बोचकी सांभाळत बसलेली असताना मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या तिच्यासमोरून जायच्या, आणि या गाड्या जिथं थांबतात तिथं समुद्र आहे एवढं तिला ठाऊक होतं. पण नुसता समुद्र पाहायला जायचं असं कोणती बाई नवऱ्याला सांगू शकते? देव बरोबर असला की कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून द्वारका. तिथं देवही होता आणि समुद्रही, आणि आमच्या जळगावहून सुरतेकडे जाणारी ताप्ती लाइन त्या दिशेनं सरळ जात होती.

मग आमच्या घरात काटकसर सुरू झाली. गारेगार बंद. रविवारची शेवभाजी बंद. नानांचा दुपारचा चहा बंद. माझा आठवीचा भूगोल शेजारच्या मुलीचा जुना आणला, त्यात तिनं सगळ्या नद्यांना डोळे आणि मिशा काढलेल्या होत्या. आईनं त्या वर्षी लुगडं घेतलं नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तिचं घेणं एरवीही कुणाच्या लक्षात येत नसे. दर रविवारी आठवड्याची शिल्लक आणि गोण्यांची मजुरी ती नानांच्या हातात द्यायची. घरात राहिले की पैसे खर्च होतात, नाना ते पोस्टात टाकतील, असं ठरलेलं होतं.

आणि नाना स्टेशन सांगायचे. ही युक्ती त्यांचीच. पैसे किती जमले हे पोरांना काय कळणार, म्हणून ते रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेत, बोटानं ओळी मोजत आणि जाहीर करत, "आज धरणगाव." पुढच्या रविवारी, "अमळनेर आलं." मग नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. माझा धाकटा भाऊ बाळू तेव्हा सात वर्षांचा होता. तो लगेच उठून घरभर गाडी हाकायचा आणि माजघराच्या उंबऱ्याशी थांबून शिट्टी मारायचा. हा खेळ आम्हाला इतका भिनला की घरात सगळंच स्टेशनांनी मोजलं जाऊ लागलं. बाळूनं दाणा तोंडात टाकला की आई मान वर न करता म्हणायची, "खा, खा बाबा. मग नंदुरबारहूनच परत फिरू." तो बिचारा दाणा काढून परत ताटात टाकायचा. ओला झालेला दाणा आई पुसून वाळत घालायची.

नाना स्वतःही फोडायला बसत, हे मला सांगितलंच पाहिजे. कचेरीतून आले की सदरा खुंटीला, आणि बंडीवर आमच्यात. त्यांचे हात कारकुनाचे, मऊ. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या अंगठ्याला फोड आला. ते आम्हाला हसवायचे, मुनिमाची नक्कल करायचे, गाडीत कोण खिडकीशी बसणार यावर आमची भांडणं लावून द्यायचे. इतक्या वर्षांत मी सर्वांत जास्त विचार कशाचा केला असेल तर या एका गोष्टीचा. ते आमच्याबरोबर शेंगा फोडत होते तेव्हा त्यांना माहीत होतं का? पहिल्यापासून माहीत होतं, की मधेच कुठल्यातरी रविवारी ठरलं? मी त्यांना हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं का, तेही सांगता येत नाही.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात आखाजी ही लेकींची. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. लिंबाला झोके बांधले जातात, सासुरवाशिणी परकऱ्या पोरींसारख्या केस मोकळे सोडून गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन दुपारभर लोळतात. भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझा मामा धुळ्याहून मुराळी म्हणून आला तेव्हा आई ओसरीवर शेंगांच्या ढिगात बसलेली होती. मामा उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, आवर. दुपारची गाडी आहे. माय दोन दिवसांपासून दारात बसतेय."

आई फोडत राहिली. दोन गोण्या बाकी होत्या, आणि चौघांचं धुळ्याला जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. ती म्हणाली, "मायला म्हणावं, पुढच्या आखाजीला येते. द्वारकेचं तीर्थ घेऊनच येते." मामा रागावला नाही. तो पाणी प्यायला, ओसरीवर बसला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्यानंही आमच्याबरोबर शेंगा फोडल्या. शेजारच्या वाडीतून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. आई ती गाणी ओठातल्या ओठात म्हणत होती. धुळ्याची आजी त्याच वर्षी थंडीत गेली. पुढच्या आखाजीला आई कुणाकडे जाणार होती?

निघायचा दिवस जवळ आला तशी आळीतली माणसं येऊ लागली. कुणी यात्रेला निघालं की त्याच्या हाती आपल्या नावचा पैसा द्यायची पद्धत होती. कुणी चार आणे दिले, कुणी आठ. आईनं कुणाचा किती हे ध्यानात ठेवून सगळं एका रुमालात बांधलं. सर्वांत शेवटी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी अक्का आली. अक्का म्हणजे सत्तरीची विधवा, धुळ्याकडच्या खेड्यातून आलेली, अहिराणी बोलणारी, घरी फक्त एक पुतण्या. तिनं पदराच्या गाठीतून सव्वा रुपया काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वातींची पुडी आईच्या हातात दिली. कापूस तिनं स्वतः पिंजला होता, वाती स्वतः वळल्या होत्या.

"ह्या मन्हा हातन्या वाती शेत माय. तठे देवनामोरे लावजो. आनि हाऊ सव्वा रुपया पाणीमा टाकजो, तेस्ना नावना." तेस्ना म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. नाव ती घेत नसे.

आई म्हणाली, "अक्का, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर."

"मी आते कथी जासू? तू जाई ऱ्हायनी, त्याम्हाच मन्हं बठ्ठं उनं."

मी आता कुठं जाणार, तू जातेस त्यातच माझं सगळं आलं. आईनं पुडी कपाळाला लावून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

सकाळची गाडी होती. आळीतले सातआठ जण स्टेशनवर आले होते, अक्काचा पुतण्यासुद्धा. कुणी कुंकू लावलं, कुणी नारळ दिला. मला खिडकी मिळाली. आयुष्यात इतक्या खुशीत मी फार थोड्या वेळा होते, आणि ती खुशी जेमतेम तासभर टिकली. पाळधी गेलं. धरणगाव गेलं. प्रत्येक स्टेशनाला बाळू ओरडायचा, कारण ही सगळी स्टेशनं आम्ही शेंगा फोडून विकत घेतलेली होती. धरणगावच्या पुढे तिकीट तपासणारा आला. नानांनी खिशातून पुठ्ठ्याची छोटी तिकिटं काढून दिली. तो ती बघून परत करताना मी मधेच हात घातला. द्वारकेचं तिकीट कसं दिसतं ते मला पाहायचं होतं. नाना ते घ्यायला पुढे झाले, पण मी वाचलं होतं.

"नाना, यावर अमळनेरच आहे."

"तिथं गाडी बदलायची," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आई बाळूला दशमी भरवत होती. तिचा हात थांबला. तीन महिने दर रविवारी तिनं ही लाइन ऐकलेली होती. ती म्हणाली, "अमळनेरला गाडी बदलत नाहीत. ही गाडी सुरतेला जाते."

मग नानांनी सांगितलं. खालच्या आवाजात, शेजारच्या बाकावर ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण घाबरून नाही. उलट एखादी चांगली बातमी द्यावी तसं. कचेरीतून कुटुंबाच्या प्रवासाची सवलत मिळते, दूरवर जाऊन आलं की भाडं परत मिळतं. गेलं नाही तरी मिळतं, फक्त तिकिटांचे नंबर लिहून द्यावे लागतात, आणि ते नंबर त्यांना कुणीतरी आणून देणार होतं. मात्र तेवढे दिवस घराला कुलूप हवं आणि आळीनं आपल्याला जाताना पाहिलेलं हवं. "सगळेच करतात. आमचे हेडक्लार्क तर आठ दिवस दार लावून घरात बसले आणि काश्मीर पाहून आले." हे सांगताना ते थोडे हसलेसुद्धा. अमळनेरहून एसटीनं चोपड्याला जायचं, तिथं त्यांच्या चुलतभावाच्या, दगडूकाकांच्या शेतात बारा दिवस राहायचं. आणि शेंगांचे पैसे? ते होळीनंतर लगेचच दगडूकाकांच्या केळीत घातलेले होते. पुढचेही दर महिन्याला तिकडेच गेले. निम्मी भागी. "दीड वर्षात दुप्पट होतील. मग द्वारकाच काय, रामेश्वरला नेतो तुला."

म्हणजे आम्ही दोंडाईचाला पोचलो म्हणून बाळू घरभर धावत होता, तेव्हा आमचे पैसे केव्हाच चोपड्याला उतरून मातीत गेले होते. नाना दर रविवारी वेळापत्रकावर बोट फिरवून आम्हाला स्टेशन सांगत होते. इथं मी आजही अडते. पैसे घेतले ते एक वेळ मी समजू शकते. ती स्टेशनं त्यांनी का सांगितली?

मला वाटलं होतं, आई रडेल किंवा भांडेल. ती एवढंच म्हणाली, "आणि अक्काचा सव्वा रुपया?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "परत देऊन टाक. किंवा टाक कुठल्याही देवळात. देव काय, सगळीकडे एकच."

अमळनेरला आम्ही उतरलो. आमची गाडी सुरतेकडे निघून गेली, आणि बाळू फलाटावर बसून भोकाड पसरून रडला. नानांनी त्याला दोन पेढे घेऊन दिले. तीन महिन्यांत त्याच्यासाठी पहिल्यांदाच काही गोड विकत घेतलं होतं. त्यानं ते रडत रडतच खाल्ले.

चोपड्याच्या वाटेवर एसटी तापी ओलांडते. उन्हाळ्यातली तापी, रुंद वाळू आणि मधून पाण्याची धार. आईनं रुमाल सोडला आणि खिडकीतून सगळ्यांचे पैसे पाण्यात टाकले. चार आणे, आठ आणे, शेवटी अक्काचा सव्वा रुपया. प्रत्येक नाण्याला ती नाव घेत होती, कुणाचंही चुकलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही सुरतेपाशी समुद्राला मिळते ना गं? तुझ्या पुस्तकात आहे ना?" मी हो म्हटलं. माझ्या पुस्तकात तापीला डोळे आणि मिशा होत्या, पण ती सुरतेपाशीच मिळत होती.

दगडूकाकांनी आमचं जंगी स्वागत केलं. "या वहिनी. हाई बठ्ठं तुमनंच शे," म्हणून त्यांनी बागेकडे हात केला. नाना आईला हात धरून बागेत घेऊन गेले, ते पूर्वी कधी तसा हात धरत नसत. हे आळं, ही बुंध्याशी फुटलेली पिलं, हे पाणी, ही ओळ आपली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता, आणि तो आनंद तिलाही व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आई बघत राहिली. बागेच्या आत गारवा होता. बाहेर सातपुड्याकडून येणारा वारा अंग भाजत होता आणि आत केळीच्या ओल्या मुळांचा वास, पाटाचं पाणी, हिरवा उजेड. मला तिथं बरं वाटलं. बरं वाटलं याची मला लाज वाटली. बारा वर्षांच्या मुलीला रागावून राहणं फार अवघड असतं, विशेषतः पाटात पाय सोडून बसायला मिळत असेल तर.

एका संध्याकाळी आईनं विहिरीच्या कठड्यावर पणती ठेवली आणि अक्काच्या वाती लावल्या. एक विझत आली की दुसरी. वाती बऱ्याच होत्या. स्वयंपाकाची वेळ झाली, काकूंची हाक आली, पण ती उठली नाही. शेवटची वात संपेपर्यंत ती विहिरीशी बसून राहिली. नाना तेव्हा खाटेवर बसून बाळूला आणि मला द्वारका शिकवत होते. बसस्थानकावर मिळालेली एक पातळशी माहिती-पुस्तिका त्यांच्या हातात होती. गोमती घाटाला पायऱ्या किती? छप्पन्न. देवळावर काय असतं? ध्वजा. समुद्राचं पाणी कसं? खारट. परीक्षा संपून महिना झाला होता आणि आमची नवी परीक्षा सुरू होती. मी पहिली आले.

परतताना नानांनी अमळनेरच्या बाजारातून प्रसादाचे साखरफुटाणे घेतले आणि गोपीचंदनाच्या चार वड्या. वड्या हातात घेऊन म्हणाले, "हे तरी द्वारकेचंच आहे बघ." त्यांना वाटलं, आई हसेल.

यात्रेहून आल्यावर मावंदं घालावं लागतं, म्हणजे आळीला गोडाधोडाचं जेवण. ते घातलं नाही तर लोकांना शंका आली असती, म्हणून नानांनीच आग्रह धरला. अंगणात पंगत बसली. प्रत्येक जण विचारत होता आणि नाना सांगत होते. आई वाढत होती. जेवणं झाल्यावर अक्का हळूहळू उठून आईपाशी आली. तिनं वातींचं विचारलं. आई म्हणाली, "तुमच्या सगळ्या वाती लावल्या अक्का. शेवटची विझेपर्यंत बसून होते. पैसा पाण्यात टाकला, त्यांचं नाव घेऊन." सगळं खरं होतं. आई एकही शब्द खोटा बोलली नाही.

अक्का खाली वाकली. यात्रेहून आलेल्याचे पाय धरायची रीत आहे, पण वयानं मोठी माणसं सहसा तसं करत नाहीत. आमच्या आईच्या दुप्पट वयाच्या त्या बाईनं दोन्ही हातांनी आईची पावलं धरली आणि कपाळ टेकवलं. आईचा चेहरा मी पाहिला. ती घाबरली होती. तिच्या पायांत थोडी हालचाल झाली, आणि मग ती तशीच उभी राहिली.

नंतर अक्कानं मला जवळ बसवून घेतलं. "समुद्र कसा शे व पोरी? आपली तापीथून मोठा शे का?"

मी सांगितला. तापीला पूर येतो तेवढं पाणी, पण दुसरा काठच नाही. लाटा येतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात, आपण पडू असं वाटतं. संध्याकाळी सूर्य पाण्यात जातो आणि पाणी काही उकळत नाही. पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं. अक्का तोंडाला पदर लावून ऐकत होती. "इतलं पाणी मी जनममा देखं नही," ती म्हणाली. मला तेव्हा आणखी सांगावंसं वाटत होतं, आणि मी सांगितलं. नानांच्या नावानं मी आयुष्यभर बोटं मोडत आले, पण त्या दिवशी मी त्यांचीच लेक होते.

केळी चांगली आली. हेच वाईट झालं. वादळानं बाग आडवी केली असती, पैसे बुडाले असते, तर नाना दोषी ठरले असते आणि गोष्ट संपली असती. पण घड मोठे आले, भाव बरा मिळाला. ते पैसे विहिरीवरच्या मोटारीत गेले, त्यातून दुसरी बाग झाली. माझी फी, बाळूचं शिक्षण, पुढे जळगावचं स्वतःचं घर, सगळ्याला केळीचा हातभार होता. नाना पाहुण्यांना सांगायचे, "हे सगळं हिच्या शेंगांच्या पैशांवर उभं आहे बरं का." आई चहा ठेवून आत जायची. चारपाच वर्षांनी त्यांनी खरोखरच म्हटलं, अगदी मनापासून, की चल, आता द्वारकेला जाऊ. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जाऊन आलो ना आपण. मावंदंसुद्धा घातलंय." नाना पुढे कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. मला वाटलं, तिनं बरोबर जागी चिमटा काढला.

मी धुळ्याला शाळेत नोकरीला लागले ते सत्तरचं दशक संपता संपता. अक्का त्याच्या वर्षभर आधीच गेली होती. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या पगारातून दोन तिकिटं काढली. माझं आणि आईचं, थेट द्वारकेपर्यंत. नानांना सांगितलंच नाही. घरी येऊन तिकिटं तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "वाचून बघ. यावर अमळनेर नाही."

तिनं ती उलटसुलट करून पाहिली. मग चिमटीत धरून माझ्याकडे परत केली.

"तू जा. मला नको."

मी चिडले. नानांवरचा राग किती वर्षं धरणार, तुझं तूच नुकसान करून घेतेस, असं बरंच बोलले. तिनं मला सगळं बोलू दिलं.

"नानांवर राग नाही गं," ती म्हणाली. "तो केव्हाच गेला. पण अक्कानं माझे पाय धरले तेव्हा मी ते मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. नाही घेतले, त्या घटकेला मी द्वारकेला जाऊन आले. ती म्हातारी मरताना पुतण्याला सांगून गेली, माझ्या वाती द्वारकेला जळल्या आहेत. आता मी तिथं जाऊन पहिल्यांदा आले म्हणून उभी राहू, तर तिच्या वाती कुठं जळल्या?"

मी तिकिटं पुन्हा पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन तिकिटं परत केली. खिडकीतल्या माणसानं पैसे पुढे सरकवता सरकवता सहज विचारलं, "का बाई, जाणं रद्द?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही जाऊन आलोय."